सोयर तुझं, सुतक तिचं

प्रिय मैत्रिणी,

तुला 'तू' म्हणतेय. आपली ओळख जेमतेम आठ दिवसांची, वयात वीस वर्षांचं अंतर. पण तुमच्या इटालियनमध्येही जवळच्या माणसाला 'तू'च म्हणतात, हे तूच मला आमच्या दत्तकसंस्थेच्या व्हरांड्यात सांगितलंस आणि आपण दोघी लहान मुलींसारख्या हसलो होतो.

परवा रविवारी फोनवर तुझ्या लेकीचा, आमच्याकडून गेलेल्या पोरीचा, चेहरा दिसला आणि मी सवयीने विचारलं, "जेवलीस का गं?" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग तिने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, आणि तू माझा प्रश्न तिला तुमच्या भाषेत सांगितलास. तुला कागदावर तीस मराठी शब्द लिहून दिले होते ना, त्यात 'जेवलीस का' चौथा होता. तुझ्या लक्षात राहिला, तिच्या नाही. ती 'सी' म्हणाली आणि पळाली. ती पळाल्यावर तू रडायला लागलीस. चार महिन्यांत हिची भाषा मी पुसून टाकली, असं काहीतरी आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणालीस. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही.

आता देते. मराठीत देते, कारण मला जे म्हणायचंय त्याला इंग्रजीत शब्द सापडत नाहीत. तोरिनोच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकणारं एखादं मराठी पोर गाठ, ते वाचून दाखवेल. आणि उघड लिहितेय, कारण तुला जे सांगायचंय त्यातलं निम्मं इथल्या लोकांनीही ऐकायला हवं.

आमच्याकडे घरात मूल जन्मलं की सोयर येतं आणि माणूस गेलं की सुतक. दोन्हींत दहा दिवस घर जगापासून जरा बाजूला बसतं. देवाला शिवायचं नाही, सणवार नाही, लोकांची ये-जा बेताची. यातल्या विटाळाच्या कल्पनेशी माझं कायमच वाकडं आहे, मी स्वतः काही पाळत नाही. पण तीस वर्षं मुलांना नव्या आईबापांच्या हवाली करताना मला दर वेळी वाटत आलंय की अशा घरात दोन्ही एकदम येतात. सोयर तुझं आणि सुतक तिचं. एकाच छताखाली, एकाच आठवड्यात. तुला पेढे वाटावेसे वाटतात आणि तिचं सगळं गाव गेलेलं असतं.

आधी तुझं बोलू, कारण ते कुणीच बोलत नाही.

माझ्या आजीच्या वेळी बाळंतिणीला सव्वा महिना कुणी उठू देत नसे. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, अंगाला तेल, शेक, शेगडीवर ओवा-शेपाची धुरी. तिने फक्त मुलाला घ्यायचं आणि झोपायचं. तुझं बाळंतपण कुणी केलं? तुमच्या कायद्याने तुला मूल इटलीत आल्यापासून पाच महिन्यांची रजा दिली, हे चांगलंच आहे. आमच्याकडे त्याहून कितीतरी कमी मिळते. पण रजा म्हणजे लाडू नव्हेत. तुमच्या बाल न्यायालयाने तुम्हा नवरा-बायकोला आईबाप व्हायला लायक ठरवलं, त्यासाठी मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक घरी येऊन महिनोन्महिने प्रश्न विचारून गेले. एवढा दाखला मिळवल्यावर 'मी थकलेय' म्हणायची सोय उरत नाही. तुझ्या दुसऱ्या महिन्यातल्या मेलमध्ये एकच ओळ होती, यंत्राने केलेल्या भाषांतरात: 'मी तिची सर्व काळजी घेते आणि मला काही जाणवत नाही.' ती ओळ वाचून मला तुझी काळजी वाटली, तिची नाही. पोटातून जन्मलेल्या मुलांच्या आयाही असं म्हणतात, फक्त त्यांच्या शेजारी कुणीतरी मोठी बाई बसलेली असते. तू डॉक्टरकडे गेलीस, बरं केलंस. यात लाजायचं काही नाही.

आणि पाहुणे. तुझ्या सासूबाई, दोन नणंदा, चर्चमधली माणसं, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांना तिला मांडीवर घ्यायचं होतं. तिनेही सगळ्यांना घेऊ दिलं, तुम्हाला वाटलं किती मोकळी मुलगी! अगं, संस्थेत वाढलेलं पोर कुणाच्याही मांडीवर जातं, आमच्याकडे देणगीदार आले की रांगेने मांडीवर बसत होती ती. इथे मात्र तुला जरा सोयर पाळायला हवं होतं. काही आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं, पडली तर उचलणं हे तुम्हा दोघांनीच करायचं, बाकीच्यांनी लांबून हात हलवायचा. म्हणजे हजार हातांतून हे चार हात आपले, हे तिला उमजतं. अजूनही करता येईल. सासूबाई रुसतील, रुसू देत.

आता तिचं.

पहिले तीन आठवडे ती फार शहाणी होती, असं तू लिहिलं होतंस. हट्ट नाही, रडणं नाही, ताट चाटूनपुसून. मग एके दिवशी शॉवरखाली उभं केलंस आणि ती अशी किंचाळली की शेजाऱ्यांनी दार वाजवलं. पाण्याला ती भीत नाही. पण तिच्या जन्मात पाणी बादलीत असायचं आणि मगाने अंगावर यायचं, आणि तो मग धरणाऱ्या हाताला चेहरा असायचा. भिंतीतून डोक्यावर कोसळणारं पाणी तिने पाहिलेलं नव्हतं. तू बादली आणलीस तेव्हा प्रश्न मिटला, पण ओरडणं मिटलं नाही. कारण ते शॉवरचं नव्हतंच. तीन आठवड्यांत तिच्या लक्षात आलं होतं की ही सहल संपत नाहीये.

इथे माझा गुन्हा कबूल करते. तुमचा फोटोंचा अल्बम आम्ही तिला महिनाभर आधी दाखवला होता. हे बाबा, ही आई, हा कुत्रा, हे तुझं अंथरूण. विमानात बसायचंय म्हणून ती सगळ्यांना सांगत सुटली होती. पण मावशी बरोबर येणार नाही आणि विमान परत फिरणार नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. निघायच्या दिवशी रडारड नको, फोटो चांगले यावेत, एवढाच विचार. नवा फ्रॉक घालून ती गाडीत बसली आणि काचेतून ओरडली, "मावशी, माझी चादर कुणाला देऊ नको हं, मी आले की पाहिजे." तुला ते समजलं नव्हतं. मला समजलं होतं.

तर सुतक कशाचं, त्याची ही यादी. वीस मुलांचा श्वास ऐकत झोपायची, तिला तुम्ही ढगांची चित्रं काढलेली वेगळी खोली दिली. एवढ्या शांततेत कुणाला झोप लागेल? तिची गादी तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर आणलीत ते उत्तम. तिची भूकही घड्याळावर चालत नसे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की भूक. तुमचं जेवण आवाज न करता शिजतं, त्यामुळे ते येणार आहे की नाही याचा तिला भरवसा नाही, म्हणून उशीखाली पाव. पाव काढून घेऊ नकोस. तिचा हात पुरेल अशा फळीवर बिस्किटांचा डबा ठेव आणि तो कधीही रिकामा दिसू देऊ नकोस. उशीखालचा पाव आपोआप थांबेल, कधी ते मात्र विचारू नकोस. आणि त्या पहिल्या दिवशीची स्पॅगेटी! तिला वाटलं शेवयांची खीर. तोंडात घातली तर आंबट-खारट. ती थुंकली ती तुझ्या हातच्या चवीवर नव्हे. भाताचा मऊ गरगट्टा, वर तूप, चिमूटभर मीठ. आठवड्यातून दोनदा एवढं कर.

मग तुझं सगळ्यात मोठं दुखणं: ती तुला आई म्हणत नाही. सुरुवातीला 'मावशी' म्हणायची आणि तू मला विचारलं होतंस, हा शब्द वाईट आहे का? अगं, आमच्याकडे म्हणच आहे, 'माय मरो पण मावशी जगो.' तिच्या लेखी खायला घालणारी, वेणी घालणारी, ताप आला की जागणारी बाई म्हणजे मावशी. आई हा शब्द तिने गाण्यात ऐकलेला, माणूस कधी पाहिलेलं नाही. तिच्याकडचा सगळ्यात मोठा मान तिने तुला दिला होता. शिवाय तू स्वतःकडे बोट दाखवून 'माम्मा, माम्मा' म्हणत होतीस. मराठी कानाला ते 'मामा' ऐकू येतं, म्हणजे आईचा भाऊ. केस मोकळे सोडलेली ही बाई स्वतःला मामा का म्हणवून घेते, या कोड्यात पोरीचे पंधरा दिवस गेले असणार. उलट तुमचं 'बास्ता' तिला पहिल्याच दिवशी कळलं, आम्हीही 'बास' झालं की बासच म्हणतो. आणि निरोप घेताना सगळे 'चाव, चाव' का म्हणतात, हे तिने मला फोनवर कुजबुजत विचारलं होतं, तेव्हा मराठी होती अजून. कुणाला चावायचं गं मावशी?

ती मराठी आता चाललीय. तू पुसली नाहीस. पाच वर्षांच्या मुलाला भाषा गोष्टी साठवायला लागत नाही, उद्याचं जेवण मागायला लागते. जिथे मागून मिळत नाही ती भाषा ते टाकतं. फ्रान्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तकांवर 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते आठ वर्षांचे असताना आलेले हे लोक मोठेपणी कोरियन वाक्यं ओळखू शकत नव्हते, आणि ती ऐकताना त्यांच्या मेंदूच्या चित्रातही फ्रेंच माणसांपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. वाचून मी दोन दिवस उदास होते. पण 2014 मध्ये मॉन्ट्रियलच्या अभ्यासात उलटंच निघालं. साधारण वर्षभराच्या असताना चीनमधून आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी सूर ऐकवले, तर त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच चालला, आणि त्यांना स्वतःला एक शब्द कळत नव्हता. पुढे 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या कोरियन दत्तकांनी कोरियन उच्चार इतर डच माणसांपेक्षा लवकर उचलले.

शास्त्रज्ञांचं त्यांना ठरवू दे. मी काय पाहिलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी स्वीडनहून एक तरुण मुलगी आपली जुनी जागा बघायला आली होती. मराठीचा गंध नाही. आमच्या स्वयंपाकाच्या बाई तिला ओट्यावरच्या वस्तूंची नावं सांगत होत्या आणि ती गंमत म्हणून मागून म्हणत होती. बाई म्हणाल्या, "डाळ." पाहुण्या परदेशी माणसांचं इथे हमखास 'डाल' होतं. हिचं 'डाळ' झालं, स्वच्छ, जीभ वळवून. योगायोगही असेल. पण बाईंनी पळी खाली ठेवली आणि "गूळ म्हण, केळं म्हण, नारळ म्हण" करत तिला अर्धा तास सोडलं नाही.

तेव्हा शब्द जाऊ देत. तिला मराठीच्या शिकवणीला बसवू नकोस, आमची फोनवरची परीक्षाही आता बंद. ते तीस शब्द मात्र तू विसरू नकोस. ते आता तुझ्याकडे ठेवायला आहेत. आणि रात्री झोपेत ती काही बोलली तर फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव, मी अर्थ लिहून देईन. 'मला ढकलू नको' एवढंच निघालं तरी लिहून ठेव.

आता इथल्या लोकांसाठी. 'पोरीचं नशीब उघडलं, इटलीला गेली', हे मला भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे म्हणाले. तिकडे तुला 'केवढं पुण्याचं काम केलंस' म्हणणारे भेटतच असतील. दोन्ही बोलणी मला सारखीच टोचतात. नियम असा आहे की मूल आधी देशातल्या घरांना दाखवायचं, मगच परदेशी. तिला दाखवलं होतं. ओठावरची शिवण बघून आमची माणसं परत गेली. 'ऑपरेशनचा वण जाईल ना पूर्ण?' असं एकाने विचारलं, जणू गाडीवरचा ओरखडा. त्यामुळे नशिबाच्या गप्पा त्यांनी मारू नयेत. आणि तिच्यावर उपकार झालेत असं तिच्या कानावर पडू देऊ नकोस, कुणी प्रेमाने म्हटलं तरी. उपकाराच्या घरात मूल कधी रुसत नाही, आणि तिने तर आता कुठे रुसायला सुरुवात केलीय. परवा तुझ्यावर बूट फेकला म्हणालीस. मला बरं वाटलं.

पत्राने काही होतं का, असं कुणी विचारेल. आमच्याकडे परदेशी दत्तकाला शिस्त लागली तीच मुळी एका पत्राने. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने या व्यवहारातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि 1984 मध्ये नियम घालून दिले. त्यातूनच पुढे तिच्याबद्दलचे तुझे ते अहवाल आले, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. पहिला आला. उंची, वजन, लसी, शाळेतली प्रगती, सगळं ठीक. बूट त्यात नव्हता. त्याला रकानाच नाही.

दुसऱ्या अहवालाला फोटो लागेल. केस कापू नकोस एवढ्यात, वेण्या वाकड्या आल्या तरी चालतील. खोबरेल तेल तुझ्या बॅगेत घातलं होतं. तुमच्याकडे थंडी सुरू झालीय, ते आता बाटलीत पांढरं घट्ट झालं असेल. खराब झालं म्हणून टाकू नकोस, थंडीत ते गोठतंच. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी कर. आधी तुझ्या तळहातावर घे, दोन्ही हात चोळ, मग तिच्या टाळूवर. तिला पुढ्यात जमिनीवर बसव, पाठ तुझ्याकडे, खांदे तुझ्या गुडघ्यांत. असं बसलं की ती बोलते. कुठल्या भाषेत ते बघ.

तिची एक मावशी
पुणे