चौकट गायब झाली, आणि ७२ तासही

मागे एकदा शिरड शहापूरला घरी आलो होतो. शेजारचे काका मोबाईल घेऊन ओट्यावर आले. "बघ रे बाबू, तक्रार गेली का नाही गेली?"

सोयाबीनमध्ये पाणी साचलं होतं. तेव्हा पीक विम्यात अशा नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची. काकांनी बांधावरूनच एका ॲपवर माहिती भरली, फोटो जोडला, बटण दाबलं. स्क्रीनवर एक चौकट आली. अक्षर बारीक, म्हणून फोन आडवा केला, तर चौकटच गायब! काकांना वाटलं, झालं काम. मी पाहिलं, तक्रार क्रमांक कुठंच नव्हता. आणि तो चौथा दिवस होता.

मी पुण्यात मोबाईल ॲपच बनवतो, त्यामुळं गोम लगेच कळली. अँड्रॉइडमध्ये फोन आडवा केला की चालू स्क्रीन मोडून नव्यानं उभी राहते. निरोपाची चौकट फक्त त्या स्क्रीनला बांधलेली असेल, तर तीही सोबत जाते. सर्व्हरचं उत्तर उशिरा आलं आणि तोवर स्क्रीन बंद झालेली असली, तर चौकट उघडायच्या नादात ॲपच बंद पडू शकतं.

उपाय अवघड नाही. निरोप स्क्रीनपासून वेगळा जपून ठेवायचा. नवी स्क्रीन आली की तिनं विचारायचं, काही सांगायचं राहिलंय का? माणसानं 'ठीक आहे' दाबल्यावरच तो पुसायचा. पुसायला विसरलं तर तीच चौकट पुन्हा पुन्हा येते आणि माणूस गोंधळतो.

रात्री माझा स्वतःचा कोड उघडला. तीन ठिकाणी हीच चूक! ऑफिसात वायफाय जोरात, फोन महागाचा आणि तोही उभा धरलेला. तिथं ही चूक दिसणार कशी?

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पिकाची नोंद, विमा, अनुदान, सगळं आता मोबाईलवर आलंय. पूर्वी शिक्का मारलेली पोच हातात पडायची, आता ती चौकटच पोच आहे. ती वाचून होईपर्यंत टिकलीच पाहिजे, आणि नंतरही ॲपमध्ये सापडली पाहिजे. ॲप घेताना सरकारनं एवढी अट तरी घालावी.

तोवर एक करा. क्रमांक दिसल्याशिवाय काम झालं असं समजू नका, आणि दिसला की लगेच स्क्रीनशॉट काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही शिकवा.

काकांना मात्र हे सांगायला मला उशीर झाला.