फक्त वाचण्यासाठी

आपल्याकडे 'फक्त वाचण्यासाठी' असलेल्या वस्तूंची मोजदाद अजून कोणी केलेली नाही. केलीच, तर त्या यादीवरही 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवतील. वाचनालयातले ज्ञानकोशाचे खंड, शोकेसमधला लग्नात आलेला चहाचा सेट, वडिलांनी आयुष्यभर जपलेली आणि कोणालाही न दिलेली शाईची दौत, अशी उदाहरणं प्रत्येकाच्या घरी सापडतील. आमच्या चांद्याकडे तर जंगलच फक्त वाचण्यासाठी आहे. (चंद्रपूर हे नाव कागदोपत्री होऊन जमाना झाला, पण आमच्या पिढीच्या जिभेला अजून चांदाच गोड लागतो.) 1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हापासून तिथे जायचं ते गाडीत बसून. वाघ दिसला तर वाघ वाचायचा, नाही दिसला तर गाइड दाखवील ते धुळीतले पंजे वाचायचे. खाली मात्र उतरायचं नाही. वाघालाही हा नियम ठाऊक आहे, अशा समजुतीवर सगळा कारभार चालतो.

तेव्हा 'रीड ओन्ली' ही चीज मला नवीन नव्हती. पण तिचा खरा जिव्हाळ्याचा परिचय झाला तो गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका गावात. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा काढला. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर नवीन फोल्डर उघडलं. जंगल तेच राहिलं.

मी पडलो निवृत्त हिशेब तपासनीस. निवृत्त माणसाला आणि रिकाम्या रिक्षाला कोणीही हात दाखवतो. या गावाच्या ग्रामसभेकडे जंगलाचा सामूहिक हक्क आहे. बांबू ती स्वतः तोडते, स्वतः विकते आणि मजुरी स्वतः वाटते. कोणी किती दिवस गेलं, किती बंडलं बांधली, किती उचल घेतली, हे सगळं एका जाड रजिस्टरात होतं. ते रजिस्टर एका पावसाळ्यात वाळवीने वाचून काढलं. वाळवीला 'फक्त वाचण्यासाठी' ही अट मान्य नसते; ती मजकुरासकट वाचते. रजिस्टराचा निम्मा भाग गेला आणि त्याबरोबर कित्येकांच्या घामाचे आकडेही गेले. उरलेली पानं, घराघरांतले चिठोरे आणि बायकांची तोंडपाठ स्मरणशक्ती यांतून हिशेब पुन्हा जुळवला होता. आता तो कॉम्प्युटरात घालायचा आणि परवाच्या सभेत थकलेली मजुरी वाटायची, असं ठरलं होतं. मला बोलावलं ते जुळणी बरोबर आहे का हे पाहायला.

गावातल्याच एका पॉलिटेक्निक झालेल्या मुलाने छोटासा प्रोग्रॅम केला होता. लॅपटॉप एका कार्यालयाने वापरून दिलेला. त्याची बरीचशी अक्षरं पूर्वीच्या बोटांनी पुसून नेली होती. प्रोग्रॅम उघडला, गावाची यादी झळकली. नावं दिसली, घरं दिसली. मुलाने पहिली नोंद केली, बटण दाबलं, आणि पडद्यावर वाक्य उमटलं: 'अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस.'

"काय म्हनते जी?" एका आजीने विचारलं.

"वाचा म्हणतो, लिहू नका म्हणतो."

"मंग हा बी साहेबच हाय म्हना."

आता अशा वेळी जगातला प्रत्येक माणूस जे करतो ते आधी झालं. फोल्डरवर उजवी टिचकी, गुणधर्मांची चौकट, तिच्यात 'रीड ओन्ली'च्या पुढचा तो काळा चौकोन. तो काढला, 'ओके' केलं, पुन्हा उघडून पाहिलं. चौकोन जागच्या जागी! पुन्हा काढला, पुन्हा हजर. सासरी धाडलेली मांजर परत यावी तसा. मुलगा घामाघूम झाला. खरं म्हणजे त्या चौकोनाचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. विंडोजमध्ये फोल्डरवरची ती खूण फोल्डरला कुलूप लावतच नाही. ती खूण लागू पडते आतल्या फाइलींना. फोल्डरच्या बाबतीत यंत्र तिचा उपयोग वेगळ्याच घरगुती कामासाठी, फोल्डरला काही खास रूप दिलंय का हे लक्षात ठेवण्यासाठी, करतं. म्हणजे दारावर 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी आहे, आत कुत्रा नाही, आणि आपण तासभर पाटी उपटत बसलोय.

मग पुण्याच्या भाच्याला फोन करायचं ठरलं. गावात फोनला आवाज मिळतो तो फक्त नाल्याकाठच्या एका मोहाच्या झाडाखाली. दिवस चैत्राचे, झाडाखाली मोहफुलांचा सडा आणि टोपल्या घेतलेल्या बायका. त्या गोड वासात उभं राहून मी पुण्याशी कॉम्प्युटरविषयी बोलू लागलो, तेव्हा दोघी-तिघींनी फुलं वेचायची थांबवून माझी दया केली.

"मामा, प्रोग्रॅम ठेवलाय कुठे?" भाच्याने विचारलं.

"सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स."

"आणि डेटाची फाइल?"

"तिथेच, शेजारी."

"मग झालं! ते राखीव जंगल आहे, मामा."

पुण्याला राहूनही पोराला चांद्याची भाषा विसरली नव्हती. त्याने सांगितलं ते असं. 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्या जागेवर पहारा कडक झाला. तिथे प्रोग्रॅम राहावेत, पण रोजच्या वापरणाऱ्याने तिथे काही लिहू नये, अशी व्यवस्था आहे. विषाणू आणि आगंतुक यांच्यापासून संरक्षण म्हणून ती चांगलीही आहे. काही जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमांना तर यंत्र नाही असंही म्हणत नाही. त्यांचं लिखाण गुपचूप दुसऱ्याच एका फोल्डरात नेऊन ठेवतं. अर्ज खिडकीवर घेतला जातो आणि भलत्याच टेबलावर पोचतो, त्यातलाच प्रकार. आमच्या प्रोग्रॅमला निदान तोंडावर नकार मिळाला होता.

मग आम्ही डेटाच्या फाइलीवर परवानगी दिली. सुरक्षेच्या चौकटीत जाऊन, मुलाच्या नावापुढे 'लिहू द्यावे' अशी खूण रीतसर केली. आता फाइल आमची झाली. नोंद केली. पुन्हा तेच वाक्य!

पुन्हा मोहाचं झाड. या खेपेला भाच्याने जे सांगितलं, ते मला आजवर हिशेबशास्त्रात कोणी सांगितलं नव्हतं. ही जी एका फाइलीत मावणारी डेटाबेसची पद्धत आहे, एसक्यूलाइट, ती रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 2000 साली केली. तिचा उगम तिकडच्या नौदलाच्या एका युद्धनौकेच्या कामातला. ती फार सावध आहे. काहीही बदलण्याआधी ती जुना मजकूर शेजारी एका तात्पुरत्या फाइलीत उतरवून ठेवते. तिला म्हणायचं जर्नल. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी ती जर्नल वाचून सगळं पूर्ववत करते. नोंद नीट झाली, की जर्नल पुसून टाकते. (आमच्याकडच्या विजेचा स्वभाव त्या गृहस्थांना कोणी कळवला होता, कोण जाणे.) ही जर्नल तयार होते त्याच फोल्डरात. फाइलीवर हात चालतो, पण फोल्डरात नवीन कागद ठेवायची मुभा नाही, अशी स्थिती असेल तर जर्नल होत नाही. आणि जर्नलशिवाय एसक्यूलाइट एक अक्षर लिहीत नाही.

मी झाडाखालून परत येऊन सभेच्या ओट्यावर हे सगळं यथामती समजावून सांगितलं. तरुण मंडळी पडद्याकडे पाहत राहिली. कोपऱ्यात बसून चिलीम भरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी मान हलवली.

"हक्क भेटला, पन टीपी नाही भेटली. मेंढ्याचं झालं होतं तसाच झालं म्हना."

मी चाट पडलो. याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्याला 2009 साली मिळाला; देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. त्या कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्वच्छ लिहिलेला. पण 1927 चा जुना वन कायदा बांबूला झाड म्हणायचा, आणि वनस्पतिशास्त्र म्हणतं की ते गवत आहे. या शास्त्रार्थात बांबू मालकीचा झाला तरी गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. फाइल गावाची, फोल्डर खात्याचं! देवाजी तोफा आणि गावकरी मंडळी त्यासाठी अडून बसली. अखेर 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे 2012 च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडेच आलं. अमेरिकन युद्धनौकेवरचं जे गूढ उकलायला मला दोनदा मोहाखाली उभं राहावं लागलं, ते बाबांनी चिलीम न विझवता सांगितलं.

आता उपाय. भाच्याने तीन सांगितले होते. पहिला, प्रत्येक वेळी प्रोग्रॅम 'प्रशासक म्हणून' चालवायचा. बाबा म्हणाले, "रोज साहेबाले बोलवाचा? मंग आमी कायचे मालक?" दुसरा, फोल्डरवर 'एव्हरीवन' म्हणजे सगळ्या जगाला पूर्ण मोकळीक द्यायची. हा उपाय फार लोकप्रिय आहे, कारण तो एका मिनिटात होतो. तो आजींनी उडवून लावला. कुंपण मोडून गुरं आवरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि हिशेब तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाला त्यावर एक शब्दही जोडता आला नाही. मजुरीच्या वहीत कोणीही आकडा बदलू शकतो म्हटल्यावर ती वही राहत नाही, भिंत होते.

तिसरा उपाय सगळ्यांत साधा. प्रोग्रॅम राहू दे राखीव जंगलात. डेटाची फाइल उचलून बाहेर, ग्रामसभेच्या नावाने केलेल्या स्वतंत्र फोल्डरात ठेवायची, परवानगी त्या फोल्डरावर द्यायची, आणि प्रोग्रॅमला नवा पत्ता कळवायचा. लिहायचं कोणी, यावर मात्र ओट्यावर दोन तास गेले. या गावात हात वर करून बहुमत मोजत नाहीत. सगळ्यांचं जुळेपर्यंत बोलतात. शेवटी जुळलं: लिहिणारे दोघं, एक मुलगा आणि बचत गटाची एक बाई, वाचणारं अख्खं गाव.

संध्याकाळी दिव्याच्या उजेडात पहिली नोंद गेली. तेव्हा सगळे गप्प होते, यंत्रही. एकेक नाव मोठ्याने वाचलं जाई, ज्याचं त्याने 'हो' म्हणायचं. एका बाईने 'हो' म्हटलं नाही. तिचे दोन दिवस कमी होते. वाळवी खाल्लेल्या पानावरचे. तिच्याबरोबर जंगलात गेलेल्या तिघींनी दिवस सांगितले, त्या दिवशी अस्वल दिसल्याची खूणही सांगितली, आणि ते दोन दिवस लिहिले गेले. मधे एकदा वीज गेली. आली तेव्हा सगळं होतं तसं होतं.

परवाची वाटणी नीट पार पडली. पैसे मोजून झाल्यावर आजी लॅपटॉपपाशी आल्या.

"हा हिशेब झाला ना आता? मंग याले ते तुमचं वाचाचं कुलूप लावून टाका. उद्या कोनी आकडा फिरवला तं?"

मुलाने झालेल्या हिशेबाची वेगळी प्रत काढली. एक छापून ओट्याच्या भिंतीवर लावली, एक पेनड्राइव्हवर घालून बचत गटाच्या पेटीत टाकली; कारण जो कुलूप लावतो त्याला ते काढताही येतं, हे आजींनी न सांगता ओळखलं होतं. मग प्रतीच्या फाइलीवर त्याने ती 'रीड ओन्ली'ची खूण केली. फोल्डरवर दिवसभर फुकट गेलेली खूण फाइलीवर इमानदारीने बसली. खात्रीसाठी त्याने एक आकडा बदलून पाहिला. पडद्यावर तेच वाक्य आलं.

"काय म्हनते?"

"नाही म्हणतो, आजी."

"मंग बरं हाय," म्हणून त्या मोहफुलांची टोपली उचलून घरी गेल्या.