पहिला पॅच

अंगाने किरकोळ. दहा-बारा ओळींचा ऐवज, त्यात स्वतःच्या म्हणाव्यात अशा एक-दोनच. बाकीच्या शेजारच्या. जिथे बदल करायचा त्या जागेच्या वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी तो कायम बरोबर घेऊन हिंडतो. काढायच्या ओळीआधी वजाचं चिन्ह, घालायच्या ओळीआधी अधिकचं. लिनक्स कर्नलवर पहिल्यांदा काम करू पाहणाऱ्याच्या वतीने पुढे होतो तो हा, पॅच. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल चालतो.

शेजारच्या ओळी त्याने उगाच घेतलेल्या नसतात. कर्नलचा कोड सतत हलत असतो. तुम्ही दोनशेव्या ओळीवर केलेलं काम, पॅच पोचेपर्यंत दोनशे चाळिसाव्या ओळीवर सरकलेलं असू शकतं. लॅरी वॉल यांनी 1985 साली पॅच बसवणारा प्रोग्राम लिहिला तेव्हा याचा विचार केला होता. क्रमांक जुळला नाही तरी प्रोग्राम आजूबाजूच्या ओळी ओळखून जागा हुडकतो. घर नंबर चुकला तरी शेजाऱ्यांच्या नावावरून पाहुणा बरोबर पोचतो, तसा. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकाच कोडवर एकाच वेळी काम करू शकतात, त्यामागे या साध्या युक्तीचा मोठा हात आहे.

पण पॅचचा खरा स्वभाव कळतो तो कोडच्या वर लिहिलेल्या मजकुरात. समजा, एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे एखादं यंत्र चालवणाऱ्या कोडने, सुरू होताना मेमरी घेतली, पुढची पायरी फसली आणि माघारी फिरताना ती मेमरी सोडायची राहून गेली. नवख्या माणसाला सापडण्याजोगी ही अगदी नेहमीची चूक. दुरुस्ती एका ओळीची. त्या एका ओळीसाठी पॅच आधी काय बिघडतं ते सांगतो, मग वापरणाऱ्याला त्याचा काय त्रास होतो ते, आणि उपाय शेवटी. भाषा आज्ञार्थी हवी असा तिथला दंडक आहे. ‘मी मेमरी सोडली’ असं तो म्हणत नाही, ‘मेमरी सोड’ असं थेट कोडलाच सांगतो. ही चूक मुळात ज्या बदलातून शिरली, त्याच्या ओळखखुणेची पहिली बारा अक्षरंही तो नोंदवतो. कर्नलच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना त्यावरून कळतं की दुरुस्ती किती मागेपर्यंत न्यायला हवी. कोड बरा पण मजकूर आळशी, असा पॅच मला अर्धवट वाटतो. चार वर्षांनी ती ओळ वाचणाऱ्याला ‘का’ एवढंच हवं असतं आणि तेव्हा लिहिणारा जवळ नसतो.

मजकुराच्या खाली सही. 2003 साली एससीओ या कंपनीने लिनक्सवरून आयबीएमला कोर्टात खेचलं आणि कुठली ओळ कुणी, कोणत्या हक्काने दिली हा प्रश्न ऐरणीवर आला. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2004 मध्ये सहीची प्रथा घातली ती त्यानंतर. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, एवढंच ती सही सांगते. निनावी माणसाचा पॅच घेत नाहीत. पदवी, कॉलेज, गाव यांतलं मात्र पॅचवर काहीच नसतं. वशिल्याला जागा नाही, विश्वासाला आहे. 2021 साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचं उघड झालं, तेव्हा कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक असलेल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठातून येणारे पॅच घेणंच थांबवलं.

निघण्याआधी एक स्क्रिप्ट पॅचची झडती घेते: ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, चुकलेले टॅब. कुणाकडे जायचं हे दुसरी स्क्रिप्ट सांगते. तो ईमेलमधून जातो, साध्या मजकुरात. जोडपत्र चालत नाही, कारण तपासणाऱ्याला नेमक्या ओळीखाली उत्तर लिहायचं असतं. मग वाट पाहणं. नवख्यांचा धीर इथेच सुटतो, म्हणून हे नीट सांगायला हवं. दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते आणि त्यातले पहिले दोन आठवडे मेंटेनर, म्हणजे कर्नलचा एकेक भाग सांभाळणारी माणसं, जमलेलं काम वर पाठवण्यात गुंतलेली असतात. तेव्हा आलेला पॅच पडून राहतो. ते मौन म्हणजे नकार नव्हे. निदान आठवडाभर थांबावं आणि मग नम्रपणे पुन्हा विचारावं, असं तिथल्या नियमांतच लिहिलं आहे.

उत्तर येतं ते बहुधा तोकडं. हे इथे का? दुसरी वाट पाहिली का? पॅच परत येतो, दुरुस्त होतो आणि ‘आवृत्ती 2’ म्हणून पुन्हा निघतो. मजकुराखाली तीन आडव्या रेघा असतात. मागच्या वेळेपेक्षा काय बदललं ते त्यांच्या खाली लिहायचं. तपासणारा ते वाचतो. पॅच कोडमध्ये गेला की तेवढा भाग गळून पडतो. कितव्या खेपेला जमलं याचा हिशेब मूळ मजकुरात राहत नाही. मला ही फार मोठ्या मनाची रीत वाटते.

नुसती मोकळी जागा इकडची तिकडे करून नाव लावणारेही येतात. कच्च्या ड्रायव्हरसाठी 2008 पासून ‘स्टेजिंग’ नावाचं वेगळं दालन आहे, तिथे असली साफसफाई करून हात बसवता येतो. बाकीच्या भागात ती नकोशी असते. तिच्यामुळे शेजारच्या ओळी बदलतात आणि दुसऱ्याचा कामाचा पॅच अडतो.

माझं विचाराल तर आपला पॅच लिहिण्याआधी दुसऱ्याचा लावून पाहावा. तो ज्या यंत्रासाठी आहे ते यंत्र आपल्याकडे असेल, तर पॅच चालवून ‘तपासून पाहिलं’ अशी ओळ स्वतःच्या नावानिशी देता येते आणि ती ओळ त्या बदलाबरोबर कर्नलच्या इतिहासात जाते. कुठल्याच मेंटेनरकडे सगळी यंत्रं नसतात. घरात एखादा जुना, आता बाजारात न मिळणारा लॅपटॉप असेल तर तो भंगारात देऊ नका; त्यावर नवा कर्नल चालवून बघणारं माणूस त्यांना हवंच असतं.