इंग्लंडातल्या आल्फ्रिस्टनच्या पाद्रीघरास पत्र

तीर्थरूप क्लर्जी हाउस यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडील क्षेम. पाऊस फार झाला की तुमच्याकडची ककमिअर नदी फुगते आणि आमच्या जिवाला तुमचा घोर लागतो, म्हणून हे पत्र.

आधी भांडण. 1896 साली तुम्ही नॅशनल ट्रस्टला अवघ्या दहा पौंडांत गेलात! चौदाव्या शतकातलं घर, आणि थोडी घासाघीसही नाही? जुन्या वास्तू जपणारी ही संस्था तेव्हा जेमतेम वर्षाची, तिने घेतलेली पहिली इमारत तुम्ही. हा मान तुम्ही कधी मिरवलाही नाहीत. लोक शेजारच्या सेंट अँड्र्यूज चर्चकडे मान वर करून बघतात, तुम्ही आपले शाकारलेलं छप्पर कपाळावर ओढून गप्प.

रागावू नका. तुमची खरी ऐट मला ठाऊक आहे. मधलं दालन थेट आढ्यापर्यंत मोकळं, दोन्ही टोकांना माड्या, आणि त्या माड्या भिंतीपुढे काढलेल्या. त्यामुळे मधली भिंत आत गेल्यासारखी दिसते. पण वर छप्पर एकच, सरळ रेषेत! मग मधल्या वळचणीला आधार काय? तर वाकडे लाकडी टेकू. कोण सुतार होता हो तो? धुराडं नव्हतंच, जमिनीवर मधोमध चूल पेटायची आणि धूर वाशांना काजळी फासत जायचा. डोळे किती चुरचुरले असतील घरच्यांचे! जमीन मात्र चुनखडी ठोकून केलेली, वर आंबट दुधाचा हात. आमच्याकडे शेणानं सारवतात, तुमच्याकडे दुधानं, चैनच म्हणायची.

1879 मध्ये तुम्हाला पाडायची परवानगी निघाली होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. हॅरिएट कोट्स नावाच्या म्हातारीने इथेच डोळे मिटू द्या म्हटलं, म्हणून थांबलं. पुढे बेनन नावाच्या पाद्र्याने तुमच्यासाठी दारोदार शब्द टाकला आणि आल्फ्रेड पॉवेल या वास्तुकाराने डागडुजी केली. तुमचं नवं कोरं सोंग करायचा मोह त्याला झाला नाही, याचे उपकार मानावे तेवढे थोडे. तुळया वाकलेल्याच शोभतात तुम्हाला.

एक विनंती. दालनात ओकचं एक कोरीव पान आहे. ट्रस्टचं बोधचिन्ह त्याच्यावरूनच घेतलं, असं म्हणतात. खरं काय ते एकदा सांगून टाका. कानात सांगितलंत तरी चालेल, ट्रस्टवाल्यांना मी काही बोलणार नाही.

कळावे, लोभ असावा.