आजोबांच्या बंदुकीचं मोल

गेल्या वर्षी चवथीला सत्तरीतल्या मूळ घरी गेलो होतो. आरत्या झाल्या, जेवणं आटोपली आणि काकांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटातून जुन्या चादरीत गुंडाळलेली बंदूक काढली, आधी ती रिकामी आहे हे स्वतः पाहिलं, मला दाखवलं आणि म्हणाले, "हाचें मोल कितलें येतलें तें मात्शें पळय रे."

काकांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मुलगे दोघेही बाहेर. परवान्याची मुदत संपत आलेली आणि कुळागरातली विहीर एका बाजूने ढासळलेली. बंदूक विकून विहीर बांधून घ्यावी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

ही बंदूक आजोबांनी १९५८ साली पणजीत घेतली. तो खाणींचा भरभराटीचा काळ. भारताने आर्थिक नाकेबंदी केली होती, तरी गोव्याच्या बाजारात परदेशी घड्याळं, मोटारी, दारू, सगळं मिळत होतं. त्या लाटेत अमेरिकेतली रेमिंग्टन कंपनीची ८७० नावाची १२ बोअरची पंप बंदूक आमच्या घरात आली. पुढचा लाकडी हात मागे ओढून पुढे ढकलला की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. त्या 'खटक-खटक' आवाजानेच माकडं पळतात, असं आजोबा सांगत.

मला बंदुकीतलं काही कळत नाही. म्हणून टेक्ससमधल्या आतेभावाला फोन केला. तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे, आपल्याकडे बजाजची स्कूटर तशी इथे ही बंदूक." हे मॉडेल १९५० साली निघालं आणि २००९ पर्यंत त्याच्या एक कोटी बंदुका विकल्या गेल्या. ज्या वस्तूचे एवढे नग आहेत, तिला जुनी म्हणून कोण डोक्यावर घेणार? चांगल्या स्थितीतली असली तर तीनशे ते पाचशे डॉलर, तो म्हणाला. मी रुपयांत हिशेब करून काकांना आकडा सांगितला. काका काही बोलले नाहीत. बंदूक परत चादरीत गुंडाळली. त्या आकड्यात विहिरीचं अर्धंही काम होत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मग काका परवाना घेऊन शहरातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे गेले. सोबत मी. त्या माणसाने बंदूक हातात घेतली तेव्हा वैद्य नाडी बघतो तसं वाटलं. नळी काढून उजेडाकडे धरली आणि आतून पाहिलं. गंजाचे खड्डे आहेत का, कुठे पोचा किंवा फुगवटा आहे का. फुगवटा असता तर बंदूक भिंतीवर लावण्यापुरतीच उरली असती. नळीची लांबी मोजली, कारण कुणी नळी कापलेली असली तर भावही जातो आणि कायद्याची भानगडही होते. पुढचा हात हलवून किती सैल आहे ते पाहिलं. नकली काडतूस घालून ते नीट बाहेर फेकलं जातं का, ते पाहिलं. मग नळीवरची दोन बारीक अक्षरं दाखवली. रेमिंग्टनवाले 'ब्लॅकपावडरएक्स' या इंग्रजी शब्दातल्या १२ अक्षरांना १२ महिने लावत. आमच्या नळीवर पहिलं अक्षर 'डब्ल्यू', म्हणजे ऑगस्ट. दुसऱ्या अक्षरावरून वर्ष निघालं १९५७. म्हणजे आजोबांनी घेतली ती बंदूक आणि ही नळी एकाच वेळची, मागाहून बदललेली नाही. काकांची मान जरा ताठ झाली.

त्याने सांगितलेला भाव अमेरिकेतल्या भावाच्या तिप्पट होता. कारण विचारलं तर म्हणाला, १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची खाजगी आयात जवळजवळ बंद झाली. आपल्या सरकारी आयुध कारखान्यांनी पंप बंदूक काढली, पण जुन्या परदेशी बंदुका देशात आहेत तेवढ्याच. म्हणजे पोलाद तेच, कायद्याने भाव वाढवला. पण गिऱ्हाईकही कायदाच कमी करतो. परवाना असलेल्यालाच विकता येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

शेवटी त्याने दस्त्यावर बोट ठेवलं. "हा मूळचा नाही. मूळ असता तर आणखी देता आलं असतं."

मूळ दस्ता १९७० च्या सुमाराला तडकला होता. गावच्या मेस्तने शिसवीचा नवा करून दिला, आजोबांच्या खांद्याचं माप घेऊन. काकांच्या मते बंदुकीत सगळ्यात चांगली गोष्ट तीच. परतताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "मेस्तान केल्लो म्हण उणो?" मला उत्तर सुचलं नाही. विक्रेत्याचं चूक नव्हतं, काकांचंही नव्हतं.

पंधरा दिवसांनी काकांनी फोन केला. बंदूक शेजारच्या कुळागरवाल्याच्या मुलाला द्यायचं ठरवलं होतं. त्याच्याकडे पीकरक्षणाचा १२ बोअरचा परवाना होता, बंदूक मात्र बापाच्या वेळची, एकनळी, सांधा ढिला झालेली. तो विक्रेत्यापेक्षा बरेच कमी देणार होता, तेही दोन हप्त्यांत. मी जरा रागावूनच विचारलं, मग विहिरीचं काय? काका म्हणाले, "विहीर एका बाजूनेच बांधू. रात्री गवे येतात ते दोन्ही कुळागरांतून येतात. गव्यावर गोळी घालायची नाही, पण बार तर काढायला हवा. तो मुलगा जागतो. मुंबईचा कोणी घेऊन गेला तर काचेच्या कपाटात ठेवील."

विकण्याआधी पोलिसांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. काकांनी अर्ज दिला आणि ते ४५ दिवस रोज बंदुकीला तेल लावलं. सत्तरीच्या पावसात एक आठवडा हात फिरला नाही तर गंज चढतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

परवा गेलो होतो. विहिरीची एक बाजू नवी, दुसरी तशीच आहे. रात्री दोनच्या सुमाराला शेजारच्या कुळागरात बार झाला. मी दचकून उठलो. काका अंथरुणातच होते. म्हणाले, "आमचीच ती," आणि कूस बदलून झोपले.