नीरेचं काय एवढं?

चि. सई,

"आत्या, लहानपणी स्टेशनवर उतरलं की मला बळजबरीने नीरा का पाजायचीस गं?" असं तू परवा फोनवर विचारलंस. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

कमला सोहोनींचं नाव तुला माहीत असेल. माहेरच्या भागवत, 'ऋतुचक्र'कार दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३ साली बंगळुरूच्या टाटा संस्थेत संचालक रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तरी बाई हटल्या नाहीत. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनातलं सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. लोक इथेच थांबतात. रामन यांचा किस्सा तर ऐकून ऐकून कान किटले! मला थोर वाटतं ते त्या परत आल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत गरिबाच्या ताटातलं तपासत बसल्या ते. कडधान्यं, आणि नीरा.

आमच्या आजीची डहाणूला वाडी होती. मी तिसरीत असेन, की चौथीत? संध्याकाळी शिंदीच्या झाडाला मडकं बांधायचे, रस आंबू नये म्हणून आतून चुना फासलेलं. उजाडायच्या आत ते उतरायचं. आजी पातेल्यावर फडकं धरून नीरा गाळायची आणि फडक्यावर उरलेल्या मुंग्या तुझा बाबा काडीने वेगळ्या करत बसायचा. तोवर मी दोन पेले संपवलेले! ऊन चढलं की तिची ताडी होते, मग आम्हाला बंदी.

त्याच नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह आहे, कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायकांना तिचा उपयोग होतो, हे कमलाबाईंनी अभ्यासून दाखवलं. राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. शिंदीवर चढणाऱ्याला ती अंगी लागते हे आधीच ठाऊक असणार, पण त्याला विचारतो कोण?

तू मोठ्या प्रयोगशाळेत आहेस, कौतुकच आहे. पण कुणाच्या पोटात काय जातं, इकडेही बघ. आणि स्वतःच्या पोटाकडेही; नुसत्या ब्रेडवर दिवस काढतेस म्हणे.

बाबाबरोबर कडवे वाल पाठवते आहे. भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजव. कच्च्या वालात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं प्रथिन असतं. त्यावरही कमलाबाईंचंच काम आहे. बिरड्यात गूळ विसरू नकोस. आणि बाबाशी मराठीत बोल, तो बोलून दाखवत नाही.

तुझी,
सुमाआत्या