कोपीवरची पोरगी शाळेला का जात नव्हती



८६०३२ च्या खोडव्याला तोड बसली. टोळी आठ कोयत्यांची, बीडच्या शिरूर कासारकडची. (आपलं शिरूर घोडनदीचं, त्यांचं कासारचं. मुकादम दरसाल हाच विनोद करतो.) त्यांचा अड्डा माझ्याच पडीक तुकड्यावर असतो, विहिरीजवळ. आज टनेजचं नाही, त्या कोप्यांवरच्या एका पोरीचं लिहितो.

वय आठ, गावी तिसरीला. इथं जिल्हा परिषदेची शाळा चालत पंधरा मिनिटांवर, पण जायचं नाव नाही. गुरुजी दोनदा येऊन गेले. ते दिसले की पोरगी उसात गडप. आई म्हणली, "लई हट्टी हाय, तिला शाळाच नको."

शेजारच्या लागणीला पाणी देताना दोन दिवस मी बघत होतो. आईबाप पहाटे चारला फडात. मागं पाणी भरायचं पोरीनं. दीड वर्षाचा भाऊ दिवसभर तिच्या कडेवर. दुपारनंतर वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या. तोडणीची मजुरी उचलीत वळती होते, हातात रोख पडते ती वाढ्याचीच. तेल-मीठ त्यातनं. अंगणवाडीत पोर बसवतात तीन वर्षांपुढचं, म्हणजे भावाला तिथंही ठेवता येत नाही. मग ती शाळेला जाणार कशी? पोरीचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का होता.

टोळीत एक म्हातारी आहे, तिच्याच्यानं आता मोळी उचलत नाही. मुकादमाला म्हणलं, माझ्या फडातलं वाढं सगळं तुमचं, मला एक पेंढी नको, पण म्हातारीला कोपीवर ठेवा आणि वाढ्याच्या पैशातनं तिला रोज द्या. बारकी पोरं पाच निघाली, ती सगळी तिच्याकडं. पुढच्या दोन बागायतदारांशीही बोललो. एक तयार झाला, दुसरा म्हणला माझ्या म्हशींनी काय खायचं? त्याचंही खोटं नाही.

तरी पोरगी अडूनच. "तिथं मला कोण वळखतंय?" गुरुजींनी मग बोलणंच सोडलं आणि तिसरीचं पुस्तक हातात दिलं. बालभारतीचं मराठीचं पुस्तक राज्यभर एकच. तिनं पानं चाळली, एका चित्रावर बोट ठेवून म्हणली, "आमचं हितपर्यंत झालंय." दुसऱ्या दिवशी गेली. सोबत टोळीतली अजून दोन पोरं गेली.

ज्यांच्या रानात टोळ्या आहेत त्यांच्यासाठी: शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या पोराला वयाप्रमाणं वर्गात बसवायचं, दाखला नाही म्हणून अडवायचं नाही. मुकादमाला हे माहीत नसतं, आईबापाला तर नाहीच. आपण सांगायचं.

रोज जाते असं नाही. रात्री ट्रक भरायला उशीर झाला की सकाळी पोरगी झोपलेली असते, तेव्हा म्हातारीही उठवत नाही. मार्चात पट्टा पडला की टोळी गावी जाईल. त्याआधी गुरुजींकडनं तिचं शिक्षण हमी पत्रक घेऊन बापाच्या हातात द्यायचंय, म्हणजे गावच्या शाळेला कळेल ती इथं कुठपर्यंत शिकली.

खोडव्याचा उतारा पुढच्या पोस्टला टाकतो.